युवा नेतृत्व कार्यक्रमाचं दुसरं वर्ष करू का? (बारावी आहे, घरचे नको म्हणतायत)

अर्धी_वही

नमस्कार सगळ्यांना. मी अकरावी सायन्सला आहे, तालुक्याच्या गावी राहते. पोस्ट लांबलीये, आधीच सॉरी.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात एक संस्था दर शनिवारी दुपारी "नागरिकत्व आणि नेतृत्व" असा कार्यक्रम घेते. मी गेले ते मैत्रीण जात होती म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. सुरुवातीला संविधानाची उद्देशिका सगळ्यांनी मिळून वाचली तेव्हा वाटलं की झालं, परत शाळेचा परिपाठच. पण मग एक खेळ घेतला, जोडीने बसायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये अवाक्षर न काढता ऐकायचं आणि मग त्याने जे सांगितलं ते तसंच्या तसं परत सांगायचं. आमच्या बॅचमधल्या जवळजवळ कुणालाच जमलं नाही, सगळे सांगताना आपलंच काहीतरी घुसडत होते, जाम हसलो त्या दिवशी.

खरी मजा नकाशाच्या वेळी आली. मुलांचा एक गट आणि मुलींचा एक गट, दोघांनी वेगवेगळा आपल्या गावाचा नकाशा हाताने काढायचा. मुलांच्या नकाशात मैदान, नदीकडचा रस्ता, बाजाराच्या मागची गल्ली, टपऱ्या, सगळं गाव. आणि आमच्या नकाशात घर, कॉलेज, क्लास, बसस्टँड आणि मध्ये एक दोन रस्ते. दोन्ही कागद शेजारी लावले तेव्हा आमच्याकडे निम्मं गावच नव्हतं. कार्यक्रम घेणाऱ्या ताईंनी काही भाषण वगैरे दिलं नाही, फक्त विचारलं की हे रस्ते तुम्ही का नाही काढले. मग एकेक जण बोलायला लागली. स्टँडपासून क्लासेसच्या गल्लीपर्यंतचा रस्ता संध्याकाळी सातनंतर पूर्ण अंधारात असतो आणि आम्ही सगळ्या लांबून वळसा घालून जातो, हे आम्हाला एकमेकींचं माहीतच नव्हतं, प्रत्येकीला वाटत होतं आपणच घाबरट.

मग तोच प्रोजेक्ट घेतला. रात्री एकीच्या दादाला सोबत घेऊन खांब मोजले, खांबांवर नंबर असतात हे तेव्हा कळलं, कुठला चालू कुठला बंद सगळं वहीत लिहिलं. निम्म्याच्या वर बंद होते. नगरपरिषदेत जाऊन मुख्याधिकाऱ्यांना निवेदन दिलं, फोटो काढला, चहा दिला, "लवकरच कार्यवाही करतो" म्हणाले, पेपरात छोटी बातमी आली. नंतर काय तर चौकातले दोन दिवे लागले. बाकी तसंच.

शेवटी समारोप झाला, सगळ्या गटांचं प्रेझेंटेशन. आमच्या गटातल्या ज्या मुलाने भाषण केलं त्याला "उत्कृष्ट नेतृत्व" ट्रॉफी. तो बोलतो छान, मुलगाही चांगला आहे, पण खांब मोजायला तो एकदाच आला होता. आणि जिने सगळी वही ठेवली, अगदी तारीख वेळ सगळं टाकून, तिचं नावही कुणी घेतलं नाही. ती काही बोलली नाही पण मला फार लागलं ते.

आता संस्था म्हणते दुसऱ्या वर्षी नवीन बॅचची मेंटॉर हो. पप्पा म्हणतात बारावी आहे, हे समाजकार्य नंतर कर, आधी स्वतःचं बघ. माझे प्रश्न:

हे सगळं खरंच काही असतं का नुसतं फोटोपुरतं? सर्टिफिकेटचा पुढे उपयोग होतो का? आणि आम्ही अठराच्या खालचे, मत नाही काही नाही, मग आम्हाला नगरपरिषदेला विचारायचा काही हक्क तरी असतो का?

---

उंटावरचा_शहाणा

कडू बोलतो, राग मानू नकोस. मी पण कॉलेजात असताना असलं एक केलंय. टीशर्ट, टोपी, हातात हात घालून गाणं, फ्लिपचार्टवर रंगीत स्केचपेन, शेवटी पाहुणे येऊन "तुम्ही उद्याचे नेते" म्हणणार. यातून नेता एकही तयार झालेला मी पाहिला नाही, कार्यक्रमाचं निवेदन करणारे मात्र भरपूर तयार झाले.

सर्टिफिकेटचं विचारतेस तर सायन्सला आहेस, इंजिनिअरिंगला जायचं असेल तर राज्याची कॅप फेरी, म्हणजे प्रवेशाची फेरी, सीईटीच्या पर्सेंटाइलवर चालते, मेडिकलला नीट. तिथे तुझं सर्टिफिकेट कुणी उघडून पण बघणार नाही. एनसीसीचं "सी" सर्टिफिकेट असतं तर गोष्ट वेगळी, ते असलं की पदवीनंतर सैन्यात अधिकारी व्हायला लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या मुलाखतीला बोलावतात अशी एन्ट्री आहे. संस्थेच्या कागदाला तसलं काही नाही. काही खाजगी विद्यापीठं निबंध आणि मुलाखत घेतात तिथे सांगायला एक किस्सा होईल, बस.

दोन दिवे लागले ना, खूप झालं. आता केमिस्ट्री कर.

---

माजी_कार्यक्रम_अधिकारी

उंटावरच्या शहाण्यांशी अर्धा सहमत आहे. मी बरीच वर्षं एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, त्यामुळे फोटोवाला भाग मला चांगलाच माहीत आहे. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालं, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष, तेव्हा फक्त ३७ विद्यापीठांत. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर असा हिशोब असतो. तास भरले की प्रमाणपत्र. आता तास कसे भरतात हे मी इथे लिहीत नाही, ज्यांनी केलंय ते हसत असतील.

पण बेटा, शिबिरात मुलं कधी बदलतात ते मी पाहिलंय. उद्घाटनाला नाही, श्रमदानाच्या पहिल्या दिवशीही नाही, तेव्हा सगळ्यांना उत्साह असतो. चौथ्या पाचव्या दिवशी अंग दुखतं, भांडी घासायची पाळी कुणाची यावरून भांडणं होतात, बंधाऱ्याचं काम अर्धं राहिलेलं असतं आणि गावातले लोक बघायला यायचे बंद झालेले असतात. त्या दिवशी कुदळ कोण उचलतो आणि रुसलेल्या दोघांना एका कामावर कोण बसवतो, ते बघायचं. बहुतेक वेळा ते पोर समारोपाच्या भाषणाला उभंच राहत नाही. म्हणून आमच्या युनिटमध्ये "बेस्ट व्हॉलंटियर" द्यायची पद्धत मी बंद केली. विद्यापीठाला नाव कळवावं लागायचं तेव्हा मुलांकडून चिठ्ठ्या घ्यायचो की पुढच्या शिबिरात तुम्हाला कोणाच्या गटात जायला आवडेल. दर वेळी वेगळीच नावं यायची, माझ्या मनात असलेली तर नाहीच.

तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत एकच विचारतो. ती वही आता कुठे आहे? संस्थेच्या कपाटात गेली असेल तर आधी तिच्या झेरॉक्स काढून आणा. तुमचं पुढचं सगळं त्या वहीवर आहे, ट्रॉफीवर नाही.

---

शनिवारची_ताई

मी अशाच एका कार्यक्रमात मुलांबरोबर काम करते (तुझ्या संस्थेत नाही) म्हणून आमची बाजू सांगते, बाजू म्हणजे बचाव नाही.

आमच्या कामात रॉजर हार्ट नावाच्या माणसाची एक शिडी वापरतात. त्याने ती १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मांडली होती. आठ पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग म्हणायलाच तयार नाही. पहिली म्हणजे मोठ्यांनी मुलांना स्वतःच्या कामासाठी वापरणं, दुसरी म्हणजे सजावटीला उभं करणं, ते टोपी टीशर्टवालं, आणि तिसरी म्हणजे बोलायला माइक देणं पण ठरवायला काहीच न देणं. वर जाल तसं मुलांना माहिती मिळते, त्यांचं मत विचारलं जातं, मग मोठ्यांच्या बरोबरीने निर्णय, आणि अगदी वर मुलांनी सुरू केलेलं काम ज्यात मोठ्यांना ती सामील करून घेतात.

आता तुझा कार्यक्रम यावर लावून बघ. विषय कोणी निवडला? निवेदनात काय लिहायचं ते कोणी ठरवलं? फोटोच्या वेळी मध्ये कोण उभं होतं? आणि नंतर पाठपुरावा करायचा का नाही हे कोणाला विचारलं? मला तुझं वाचून असं दिसतं की नकाशा आणि खांब मोजणं चांगलं वरच्या पायरीवर होतं आणि समारोपाला तुम्ही धाडकन खाली आलात. एकाच कार्यक्रमात दोन्ही असतं, आमच्याकडे पण असतं. देणगीदारांना अहवालात फोटो लागतात, "पाठपुरावा चालू आहे" याचा फोटो कसा काढणार, म्हणून समारोप मोठा होतो. हे बरोबर आहे असं नाही म्हणत मी.

आणि मुलांचा-मुलींचा वेगळा नकाशा, तो ज्या ताईने घेतला तिला माझा नमस्कार सांग. त्या एका दुपारसाठी सुद्धा हा कार्यक्रम फुकट गेला असं मी म्हणणार नाही.

---

अर्धी_वही

@शनिवारची_ताई विषय आम्हीच निवडला, ताईंना तर आधी कचऱ्याचा प्रोजेक्ट हवा होता कारण मागच्या बॅचने तोच केला होता, पण त्यांनी आमचं ऐकलं. निवेदन मात्र संस्थेतल्या सरांनी टाइप करून आणलं, आम्ही सह्या केल्या. त्यात "विद्यार्थिनींची गैरसोय" असं होतं, खांबांचे नंबर नव्हतेच!! हे आत्ता लिहिताना डोक्यात आलं. फोटोत मध्ये कोण होतं ते सांगत नाही 😅

@सर वही तिच्याकडेच आहे. विचारलं तर म्हणाली संस्थेने मागितलीच नाही.

---

वॉर्डातली_मावशी

मी आमच्या नगरपरिषदेत एक टर्म नगरसेविका होते. महाराष्ट्रात २०११ ला महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं नसतं तर माझ्यासारखीला कोणी तिकीट दिलं असतं असं वाटत नाही. तर आतून काय होतं ते सांगते.

निवेदन हा फार गोड प्रकार आहे. देणाऱ्याला दिल्याचं समाधान, घेणाऱ्याला घेतल्याचं. तुम्ही निवेदन मुख्याधिकाऱ्यांच्या हातात दिलंत आणि फोटो काढलात, बरोबर? आवक-जावक टेबलावर जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला का? घेतला नसेल तर कागदोपत्री तुम्ही आलाच नव्हतात. चहा पिऊन गेलेली मुलं एवढीच नोंद, ती पण चहाच्या बिलात.

दुसरं, तुम्ही "रस्त्यावर अंधार आहे" म्हणालात तर विद्युत विभागाचा माणूस चौकातले दोन दिवे लावतो आणि शेरा मारतो, "कार्यवाही केली". त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही, तुम्ही कुठला खांब ते सांगितलंच नव्हतं. खांब नंबर अमुक ते तमुक, बंद असल्याची तारीख, असं लिहून दिलं की मग प्रत्येक खांबाला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या मैत्रिणीची वही हेच खरं निवेदन होतं, ते घरी राहिलं आणि गोड पत्र ऑफिसात गेलं.

हक्काचं विचारलंस. दिवाबत्ती ही मेहरबानी नाही. राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात सार्वजनिक रस्त्यांवर दिव्यांची सोय करणं हे नगरपरिषदेच्या बंधनकारक कामांत आहे. ७४ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा संविधानाला बारावी अनुसूची जोडली, नगरपालिकांकडे द्यायच्या १८ विषयांची, त्यात रस्त्यावरचे दिवे नाव घेऊन आहेत. पुढच्या वेळी कोणी "बघू, निधी आला की" म्हणालं तर हे शांतपणे सांगायचं. शांतपणे, भांडून नाही.

आणि मत नाही म्हणून काही नाही असं समजू नकोस. माहितीचा अधिकार २००५ चा कायदा "नागरिक" म्हणतो, मतदार म्हणत नाही. वयाची अट त्यात नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि कशासाठी हवंय हे विचारायचा त्यांना अधिकार नाही. नाही आलं उत्तर तर तिथेच पहिलं अपील.

---

उंटावरचा_शहाणा

मावशी सगळं मान्य, पण अकरावीच्या मुलीने एकटीने आरटीआय टाकायचा? लहान गावात अर्ज टाकला की संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला कळतं कुणाच्या घरचा आहे. वडिलांना फोन येणार "साहेब तुमची मुलगी हुशार आहे हं". हा धमकीचा फोन नसतो पण घरी सगळ्यांना कळतं काय ते.

---

वॉर्डातली_मावशी

हे खरं बोललात, मी लिहायला हवं होतं. एकटीने टाकू नकोस आणि घरच्यांपासून लपवून तर अजिबात नको. घरातलं किंवा कॉलेजमधलं मोठं माणूस तयार असेल तर त्यांच्या नावाने टाका, किंवा पत्ता कॉलेजचा द्या, कायद्याला संपर्कापुरता पत्ता पुरतो. आणि आरटीआय ही पहिली पायरी नाही. आधी वहीतली खांबांची यादी जोडून नवीन अर्ज, त्यावर शिक्का. महिनाभर वाट बघा. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच होतं, कारण यादी जोडलेला अर्ज आला की क्लार्कला कळतं की हे लोक परत येणार.

---

दोन_पोरांची_आई

पप्पांची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून मी घेते. माझा मोठा मागच्या वर्षी बारावीला होता. बारावीत वेळ नसतो हे खोटं आहे, वेळ असतो, पण मन एका ठिकाणी राहत नाही. मेंटॉर म्हणजे दर शनिवार, शिवाय ग्रुपवर रात्री दहाला कुणीतरी मेसेज टाकणार "ताई उद्या काय आणायचं", कुणी रुसणार, कुणी सोडून जाणार, ते सगळं तुझ्या डोक्यात. पप्पांना समाजकार्य नको असेल असं नाही, त्यांना ही कटकट दिसतेय जी तुला आत्ता दिसत नाही.

मी म्हणेन मेंटॉर होऊ नकोस, पण दिव्यांचं काम सोडू नकोस. ती दोन वेगळी कामं आहेत आणि संस्थेने ती एकत्र बांधून दिली आहेत. यादी देणं, महिन्याने जाऊन विचारणं, याला किती वेळ लागतो? घरी पण असंच सांग, "दुसरं वर्ष करू का" असं विचारू नकोस, "एवढं एक अर्धं राहिलंय ते पूर्ण करते" असं सांग. आमच्याकडे तरी हे चाललं.

---

माजी_कार्यक्रम_अधिकारी

आईंनी फार नेमकं सांगितलं. फक्त एक भर. नवीन बॅचला मेंटॉर म्हणून वहीवाल्या मुलीचं नाव सुचवून बघ, तिला हवं असेल तर. ती पण बारावीलाच असेल तर मग दोघींनी मिळून एक दुपार नव्या मुलांना खांब कसे मोजले ते दाखवा आणि मोकळ्या व्हा. शिडीवाल्या ताई म्हणतात तसं, विषय त्यांचा त्यांना निवडू द्या, दिव्यांचा वारसा त्यांच्या गळ्यात मारू नका.

आणि सतरा पूर्ण झाली असशील तर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आत्ताच भरता येतो. अठरा पूर्ण आहे का ते ज्या दिवशी बघतात त्या अर्हता तारखा आता वर्षात चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झाल्यावर त्या तिमाहीत नाव यादीत येतं. आमच्या वेळी मताचं वय २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते १८ झालं, तोपर्यंत मी पंचविशी ओलांडलेली होती. तुम्ही लोक नशीबवान.

---

अर्धी_वही

बापरे एवढं सगळं. वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं थोडं, केमिस्ट्रीमुळे पण असेल.

मेंटॉरचं नाही म्हणून सांगते. मैत्रिणीशी बोलले, ती म्हणाली तिला मेंटॉर नाही व्हायचं, ट्रॉफी पण नको होती, पण निवेदनात खांबांचे नंबर घातले नाहीत याचा राग तिला तेव्हापासून होता. मला म्हणाली "तू विचारलंस कुठे". त्या ऐकण्याच्या खेळात आम्ही दोघी जोडीला होतो 🤦‍♀️

पप्पांना आईंनी सांगितलं तसंच सांगितलं. ते म्हणाले यादी दे इकडे, आणि वाचत बसले, मग म्हणाले हा सत्तावीस नंबर आपल्या दुकानासमोरचा, तो गेल्या दिवाळीपासून बंद आहे, लिही. एवढंच, हो नाही काहीच नाही.

अर्ज आधी देतो. आणि महिन्याने काहीच झालं नाही तर आरटीआयसाठी हा ड्राफ्ट केलाय, बघाल का: "१) स्टँड रोडवरील दिवे एवढे दिवस बंद का आहेत? २) ते कधी चालू होणार? ३) याला जबाबदार कोण?"

---

वॉर्डातली_मावशी

तिन्ही प्रश्न बाद. माहिती अधिकारात "का" आणि "कधी" ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात, रेकॉर्डवर जे आहे तेवढंच मिळतं. कागद मागायचे. असं लिहा: (१) सोबतच्या यादीतील खांबांबाबत आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत. (२) रस्त्यावरील दिव्यांच्या देखभालीच्या चालू ठेक्याचा करारनामा आणि कार्यादेश यांच्या प्रती. (३) मागील आर्थिक वर्षात या देखभालीपोटी दिलेल्या बिलांच्या प्रती. करारनाम्यात बंद दिवा किती तासांत दुरुस्त करायचा आणि नाही केला तर किती दंड कापायचा हे बहुतेक लिहिलेलं असतं. तो आकडा हातात आला की "का" चं उत्तर तुम्हीच काढाल.

एका अर्जात एकच विषय आणि आपल्या राज्यात १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे "आम्ही विद्यार्थिनी" वगैरे प्रस्तावना नको. पप्पा यादी वाचत बसले म्हणतेस तर अर्जावर सही त्यांचीच घे.

---

उंटावरचा_शहाणा

कोर्ट फी स्टॅम्प तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या स्टॅम्पवाल्याकडे मिळेल. दुपारी जेवायला उठायच्या आत जा. आणि करारनामा मिळाला तर इथे टाक, दंडाचा आकडा मला पण बघायचाय.